वाचणारा डोळा आणि शोधणारा डोळा

मराठी पुस्तकांतील मुद्रणदोषांविषयी आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते आणि बहुतेक वेळा त्याचा शेवट एकाच निदानावर होतो: निष्काळजीपणा. जुळाऱ्याचा, मुद्रितशोधकाचा, प्रकाशकाचा किंवा खुद्द लेखकाचा. हे निदान सर्वस्वी चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे. अत्यंत काळजीपूर्वक, दोनदोन वेळा तपासलेल्या पानावरही एखादी ठळक चूक जशीच्या तशी राहते आणि पुस्तक हाती आल्यावर नेमके तेच पान उघडते, हा अनुभव काळजी घेणाऱ्यांनाच अधिक येतो. काळजी असूनही चूक सुटत असेल, तर डोळा पानाकडे पाहतो म्हणजे नेमके काय करतो, हे विचारणे भाग आहे.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे थोडक्यात असे: वाचन ही जुळवण्याची क्रिया आहे, शोध घेण्यासाठी मात्र ती जुळणी बदलावी लागते, कधी मोडावी लागते. डोळा अक्षरांचे शब्द, शब्दांची वाक्ये, ओळींची कडवी करीत जातो, म्हणूनच आपल्याला वाचता येते. परंतु ज्या गटात एखादी वस्तू बेमालूम बसते, त्या गटातून ती शोधणे अवघड होते. साहित्याच्या अभ्यासक्रमांत आपण वाचायला शिकवतो, शोधायला शिकवत नाही. आणि आपल्या छापील परंपरेची बरीच हानी या एका उणिवेतून होते.

डोळा सुटे ठिपके पाहत नाही, ठिपक्यांचे गट पाहतो, ही गोष्ट माक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने १९२३च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात पद्धतशीरपणे मांडली. जवळजवळ असलेल्या वस्तू एका गटाच्या वाटतात. सारख्या दिसणाऱ्या वस्तू एका गटाच्या वाटतात. एका रेषेत अखंड पुढे जाणाऱ्या वस्तूंची एक आकृती बनते. अपुरी आकृती मन पुरी करून घेते. हे विचारपूर्वक केलेले वर्गीकरण नसते. आपण पाहू लागतो तेव्हा ते बव्हंशी होऊन गेलेले असते.

अशा गटांचा शोधावर काय परिणाम होतो, हा प्रश्न प्रयोगशाळेत पुढे बराच गाजला. परंतु त्याचे उत्तर तांदूळ निवडणाऱ्या कोणालाही अर्धेअधिक ठाऊक असते. ताटात पसरलेल्या तांदळात काळा खडा शोधावा लागत नाही. तो आपणहून दिसतो. पांढरा खडा मात्र दाण्यांत दाणा होऊन बसतो. म्हणून निवडणारी व्यक्ती ताटातल्या राशीकडे एकदम पाहत बसत नाही. मूठभर दाणे बोटांनी बाजूला ओढते, पातळ पसरते, पाहते, पलीकडे सारते आणि पुढची मूठ ओढते. ती तांदूळ नव्याने गटांत मांडत असते. शोध सोपा करण्याचे दोन मार्ग या एका कृतीत आहेत: रास लहान करणे, आणि दाण्याला दाण्यापासून अलग करणे.

प्रयोगांनी या शहाणपणाला नेमकेपणा आणला. अल्रिक नायसर यांनी १९६०च्या दशकात लोकांना अक्षरांच्या याद्यांतून एखादे ठरावीक अक्षर हुडकायला सांगितले. इंग्रजी झेड हे कोनदार अक्षर ओ, क्यू, जी अशा गोलाकार अक्षरांत चटकन सापडे. व्ही, एम, एक्स अशा कोनदार अक्षरांत त्याला बराच अधिक वेळ लागे. लक्ष्य तेच होते, शोधणारा तोच होता. फक्त शेजार बदलला होता.

अ‍ॅन ट्राइसमन आणि गॅरी जलाड यांनी १९८० साली त्याहून महत्त्वाचा भेद दाखवला. लक्ष्य एकाच गुणाने वेगळे असेल, म्हणजे तपकिरी व हिरव्या अक्षरांत एखादे निळे अक्षर असेल, तर भोवती अक्षरे पाच असोत की तीस, ते सारख्याच वेगाने दिसते. परंतु तपकिरी टी आणि हिरव्या एक्स यांच्या गर्दीत हिरवा टी शोधायचा असेल, म्हणजे दोन गुणांचा संयोग ओळखायचा असेल, तर गर्दी वाढेल तसतसा वेळ वाढत जातो. इथे लक्ष एकेका वस्तूवर टेकवावे लागते. १९८२च्या आपल्या लेखात ट्राइसमन यांनी यात आणखी भर घातली. सारख्या वस्तू शेजारीशेजारी मांडून त्यांचे पुंजके केले, तर हा संयोगाचा शोध एकेका वस्तूऐवजी एकेका पुंजक्याने पुढे सरकतो. याचा अर्थ, शोधाला किती वेळ लागेल हे पानावर किती वस्तू आहेत यापेक्षा त्या किती गटांत पडल्या आहेत यावर अवलंबून राहू शकते.

याची दुसरी, काळजीची बाजू विल्यम बँक्स आणि विल्यम प्रिन्झमेटल यांच्या १९७६च्या प्रयोगांत दिसली. लक्ष्य भोवतालच्या चिन्हांबरोबर एखाद्या सुबक आकृतीत सामावले गेले, तर ते शोधणे अवघड होते. आकृतीबाहेर एकटे पडले, तर सोपे होते. हा फरक इतका प्रभावी असू शकतो, की काही मांडण्यांत भोवतालची चिन्हे वाढवूनही शोध सुधारतो. कारण वाढीव चिन्हांमुळे बाकीच्यांचा गट घट्ट होतो आणि लक्ष्य उघडे पडते. १९८९ साली जॉन डंकन आणि ग्लिन हम्फ्रीज यांनी या साऱ्याला एक सूत्र दिले. शोधाची अडचण दोन गोष्टींनी ठरते: लक्ष्य भोवतालच्या वस्तूंसारखे किती आहे, आणि भोवतालच्या वस्तू एकमेकींसारख्या किती आहेत. त्या एकमेकींसारख्या असतील, तर मन त्यांना एका फटक्यात, गटाने, बाजूला सारते. लक्ष्य त्यांच्याहून वेगळे असेल, तर हे सारणे उपकारक. आणि लक्ष्यच त्यांच्यासारखे असेल, तर गटाबरोबर तेही सारले जाते.

आता पुन्हा छापील पानाकडे येऊ. पान म्हणजे गटांचीच उतरंड: अक्षर, शब्द, ओळ, परिच्छेद. त्यांतला सर्वांत घट्ट गट शब्दाचा. जेम्स कॅटेल यांनी १८८६मध्येच दाखवले होते, की सरावाचा शब्द वाचायला सुट्या अक्षराहून फारसा अधिक वेळ लागत नाही. १९६९ साली जेराल्ड रायकर यांच्या प्रयोगांत तर क्षणभर दाखवलेल्या शब्दातले अक्षर हे एकट्या अक्षरापेक्षाही अधिक अचूक ओळखले गेले. म्हणजे शब्द अक्षराला मदत करतो. मग मुद्रितशोधकाला तो दगा का देतो?

याचे उत्तर अ‍ॅलिस हीली यांनी १९७६ साली केलेल्या एका साध्या प्रयोगात सापडते. वाचकांना इंग्रजी उतारा देऊन त्यातल्या प्रत्येक टी या अक्षराला वर्तुळ करायला सांगितले. सुटलेल्या अक्षरांत ‘द’ या अतिपरिचित उपपदातला टी अपेक्षेपेक्षा फार मोठ्या प्रमाणात होता. हा शब्द इतक्या सवयीने एकसंध वाचला जातो, की त्याच्या आतल्या अक्षरापर्यंत उतरण्याआधीच डोळा पुढे गेलेला असतो. पुढच्याच वर्षी अ‍ॅडम ड्रेव्हनोव्स्की आणि हीली यांनी दाखवले, की शब्दांचा नेहमीचा क्रम मोडला की असे सुटणे कमी होते. म्हणजे गट केवळ शब्दापाशी थांबत नाही. सरावाचे शब्द सरावाच्या क्रमाने आले, की त्यांचाही गट होतो आणि तो आपल्या पोटातली अक्षरे आणखी झाकतो.

कॅटेल-रायकर आणि हीली यांच्यातला विरोध वरवरचा आहे. कोणते अक्षर आहे हे ओळखायचे असेल, तर शब्द हा आधार ठरतो. शब्दाच्या आत काही वेगळे दडले आहे का हे हुडकायचे असेल, तर तोच आधार पडदा होतो. लेखकाने स्वतःच्या मजकुराची मुद्रिते तपासू नयेत, ही जुनी व्यावसायिक सूचना इथे नव्याने कळते. लेखकाच्या मनात वाक्य सर्वांत घट्ट बांधलेले असते. त्याच्यासाठी ते पूर्ण पान एकच गट असते.

देवनागरीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट असावा असे मला वाटते. हे प्रयोगांचे निष्कर्ष नाहीत, वरील तत्त्वांवरून केलेले अनुमान आहे. पण लिपीकडे नीट पाहिले तर ते पटावे. आपल्या लिपीत शब्दाला बांधणारी एक दृश्य खूण आहे: शिरोरेषा. वेर्टहायमरच्या अखंड रेषेच्या तत्त्वाचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण. रेषा सुरू झाली की शब्द सुरू, रेषा तुटली की शब्द संपला. परंतु काही अक्षरांचा परस्परांतला भेद या रेषेतच साठवलेला आहे. ‘घ’च्या डोक्यावर रेषा पूर्ण असते, ‘ध’च्या डावीकडे ती तुटते. ‘म’ आणि ‘भ’, ‘य’ आणि ‘थ’ यांचेही तसेच. म्हणजे जी रेषा गट बांधते, तिच्यातल्याच एका बारीक फटीवर अर्थ टांगलेला असतो. आणि अपुरी आकृती पुरी करून घेणे हा तर डोळ्याचा स्वभाव. धडा आणि घडा, भान आणि मान, माथा आणि माया, भार आणि मार या जोड्या पाहा. दोन्ही शब्द मराठीत आहेत, दोन्ही सुबक आहेत, दोन्हींचा आकार जवळजवळ एक आहे. शब्द तपासणाऱ्या संगणकीय साधनाचे इथे काही चालत नाही, कारण त्याच्या यादीत दोन्ही शब्द शुद्ध आहेत.

तीच गत शिरोरेषेच्या वरच्या पट्टीची. मात्रा, वेलांट्या, रफार, अनुस्वार यांची तिथे दाटी असते. ही चिन्हे लहान असतात, जवळजवळ असतात, आणि बरीचशी एकमेकींसारखी असतात. एखादा अनुस्वार गळला किंवा वेलांटी उजवीकडची डावीकडे गेली, तर तो फरक गोलाकार अक्षरांतल्या झेडसारखा उठून दिसत नाही. कोनदार अक्षरांतल्या झेडसारखा दडून राहतो.

शब्दाभोवती मोकळी जागा असणे हेही सनातन नाही, याची साहित्याच्या अभ्यासकाला आठवण हवी. युरोपात शब्द सुटे लिहिण्याची पद्धत सातव्या-आठव्या शतकांत आयरिश मठांतून पसरू लागली आणि मूक वाचनाच्या प्रसाराशी तिचा निकट संबंध आहे, असे पॉल सेंगर यांनी १९९७च्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडले आहे. आपल्या जुन्या पोथ्यांत अक्षरे सलग येतात. मोडीत तर आधी पानभर रेघ आखून तिच्याखाली अक्षरे लिहीत जायची, शब्द तोडायचा नाही, आणि इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेदही सहसा पाळायचा नाही, अशी रीत. मोडी वाचणाऱ्याला गट स्वतः पाडावे लागतात. मोडी कागदाचे लिप्यंतर बाळबोधीत छापले जाते, तेव्हा हे गट कोणीतरी पाडून ठेवलेले असतात. शब्द चुकीच्या जागी तोडला गेला असेल, तर छापील पानावरून ते कळण्याचा मार्गच उरत नाही. एकदा झालेली जुळणी स्वतःला नैसर्गिक म्हणून सादर करते.

हे सारे केवळ छपाईच्या सुबकतेपुरते असते, तर त्यावर इतके लिहिण्याची गरज नव्हती. पण इथे संहितेचाच प्रश्न आहे. एक उदाहरण घेऊ. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम महाराष्ट्र शासनाने स्वीकारले आणि व्युत्पत्तीने आलेले, पण उच्चारात नसलेले अनुस्वार लेखनातून गेले. त्यापूर्वीच्या पुस्तकांत ‘घरांत’ हा शब्द एका घराबद्दलही येई आणि अनेक घरांबद्दलही. आजच्या लेखनात ‘घरात’ म्हणजे एक घर, ‘घरांत’ म्हणजे अनेक. ‘तें’ हे नपुंसकलिंगी एकवचन आणि ‘ते’ हे पुल्लिंगी अनेकवचन, हा भेद जुन्या पानावर डोळ्यांना दिसे. अनुस्वार गेल्यावर तो संदर्भावरून जाणावा लागतो.

आता १९६२पूर्वीची एखादी कादंबरी नव्या लेखनपद्धतीने पुन्हा छापायची आहे असे समजा. संपादकाला प्रत्येक ‘घरांत’, ‘हातांत’, ‘मनांत’ यापाशी थांबून ठरवावे लागेल: इथे एक की अनेक? संगणकावर एका आज्ञेत सगळे अनुस्वार पुसता येतात. तसे केले तर खरी अनेकवचनेही पुसली जातात. सगळे तसेच ठेवले, तर एकवचने आजच्या वाचकाला अनेकवचने वाटतात. दोन्ही बाबतींत चूक सुटण्याची शक्यता फार मोठी आहे. कारण ‘मनांत’ हा शब्द चुकीचा दिसतच नाही. तो जुन्या डोळ्याला परिचित, नव्या डोळ्याला शुद्ध. एका पात्राच्या मनात आलेली शंका अनेकांच्या मनांत आली असे छापले गेले, तर कथनाचा दृष्टिकोनच बदलतो; आणि त्यावर उभारलेले निवेदनमीमांसेचे प्रबंध वाऱ्यावर उभे राहतात. समीक्षकाने ज्या शब्दावर बोट ठेवले, तो शब्द लेखकाचा आहे की पुनर्मुद्रणाचा, हे पाहण्याची सवय आपल्याकडे किती जणांना आहे?

यावर उपाय नाही असे नाही. किंबहुना तो आपल्याच गावात, आपल्याच एका संस्थेत, फार मोठ्या प्रमाणावर करून दाखवला गेला आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले, १९२५पासून विष्णु सीताराम सुकथनकरांनी त्याला शास्त्रशुद्ध वळण दिले आणि १९६६मध्ये ते पूर्ण झाले. या कामातली सर्वांत साधी आणि माझ्या मते सर्वांत बुद्धिमान गोष्ट म्हणजे पाठ जुळवण्याचा आखीव तक्ता. वरच्या ओळीत आधारभूत श्लोक अक्षरशः, म्हणजे अक्षर सुटे करून लिहायचा. खाली एकेका हस्तलिखितासाठी एकेक आडवी ओळ. आणि जिथे पाठ वेगळा असेल, तिथे तो त्या अक्षराखालच्या स्तंभात नोंदवायचा.

दृश्य शोधाच्या भाषेत पाहिले, तर इथे एकाच वेळी दोन गोष्टी घडतात. श्लोक, चरण, शब्द हे वाचनाचे गट मोडले जातात; आणि त्यांच्या जागी उभा स्तंभ हा नवा गट येतो. एका स्तंभात सर्व हस्तलिखितांतले एकाच स्थानचे अक्षर. जिथे सर्व प्रती सहमत, तिथे स्तंभ एकजिनसी. जिथे भेद, तिथे तो भेद पांढऱ्या तांदळातल्या काळ्या खड्यासारखा वर येतो. डंकन आणि हम्फ्रीज यांच्या सूत्राच्या कितीतरी आधी, भोवतालच्या वस्तू एकमेकींसारख्या करून वेगळी वस्तू उघडी पाडण्याची ही युक्ती पुण्यात कागदावर राबवली जात होती. अर्थात कोणता पाठ स्वीकारायचा, हे तक्ता ठरवत नाही. तिथे व्युत्पन्नता लागते. पण ज्याच्याविषयी निर्णय घ्यायचा, ती गोष्ट आधी दिसली पाहिजे. आणि दिसणे हे मांडणीवर अवलंबून आहे.

दुसरे उदाहरण इंग्रजीतले. चार्लटन हिनमन या अमेरिकन अभ्यासकाला शेक्सपिअरच्या १६२३च्या पहिल्या फोलिओच्या प्रती परस्परांशी ताडून पाहायच्या होत्या. कारण छपाई चालू असतानाच दुरुस्त्या होत गेल्याने प्रतीप्रतींत बारीक फरक होते. दोन पाने शेजारी ठेवून ओळीमागून ओळ वाचणे हा रूढ मार्ग. हिनमनने दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत एक यंत्र तयार केले: आरशांच्या साहाय्याने दोन प्रतींतले तेच पान एकावर एक पडलेले दिसे आणि दिवे आलटून पालटून लागत. जिथे दोन्ही पाने सारखी, तिथे चित्र स्थिर. जिथे एखादे अक्षरही वेगळे, तिथे ते लुकलुके. वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयातल्या प्रतींवर केलेल्या या कामाचे फलित १९६३ साली दोन खंडांत प्रसिद्ध झाले. या यंत्रावर बसणाऱ्याने पान वाचणे अपेक्षितच नव्हते. वाचन जितके कमी, तितका शोध चांगला.

जुन्या छापखान्यांत एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने मुद्रितावर नजर ठेवायची, ही पद्धतही याच जातीची. विरामचिन्हांसकट, वेलांटीच्या ऱ्हस्वदीर्घासकट वाचणारा आवाज डोळ्याला पुढे धावू देत नाही, दाण्यादाण्यावर थांबवतो. हस्तलिखितांच्या नकलांत होणारी एक नेहमीची चूकही गटांच्याच स्वभावातून येते. जवळजवळच्या दोन ओळींचा शेवट सारखा असेल, तर नक्कल करणाऱ्याचा डोळा पहिल्या शेवटावरून थेट दुसऱ्यावर उतरतो आणि मधला मजकूर गळतो. यमक हा कानाला आनंद देणारा गट. नकलकाराच्या डोळ्याला तो चकवा. ओवीसारख्या यमकबद्ध रचनेच्या पोथ्या हाताळणाऱ्याने म्हणूनच ओवीची संख्या मोजत राहिले पाहिजे.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की अर्थ लावत वाचल्यानेही चुका सापडतात. ‘माथा’च्या जागी ‘माया’ पडली हे अर्थ न लावता कळणारच नाही. हा आक्षेप रास्त आहे, आणि तो माझ्या मुद्द्याला पूरकही आहे. प्रत्येक लक्ष्य कोणत्या ना कोणत्या जुळणीत उघडे पडते आणि दुसऱ्या जुळणीत लपते. अर्थाची चूक वाक्याच्या गटात दिसते, वेलांटीची चूक तो गट मोडल्यावर दिसते. म्हणूनच एकाच वाचनात दोन्ही शोधू म्हणणे व्यर्थ आहे. वाचने दोन हवीत, आणि ती दोन वेगळ्या मांडण्यांवर हवीत: एकदा सलग, एकदा ओळ झाकून किंवा शेवटाकडून सुरुवातीकडे.

गटबांधणी हे सुटण्याचे एकमेव कारण नाही, हेही इथेच नोंदवायला हवे. जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांनी २००५ साली दाखवले, की लक्ष्य निम्म्या चित्रांत असेल तर सुमारे ७ टक्के वेळा सुटते. १ टक्का चित्रांतच असेल, तर हे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवर जाते. दुर्मीळ गोष्ट शोधणारा डोळा लवकर समाधान मानतो. जवळजवळ निर्दोष झालेल्या शेवटच्या मुद्रितावर उरलेली एक चूक सुटते, ती बहुधा या दोन्ही कारणांच्या संगनमताने.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे: हे सगळे यांत्रिक काम, साहित्याच्या आस्वादाशी याचा काय संबंध? माझे उत्तर असे, की सूक्ष्म वाचन म्हणून आपण जे शिकवतो, तोही एक शोधच असतो. वर्गात कवितेतल्या प्रतिमा शोधायला सांगितल्या, की विद्यार्थी नेमक्या त्याच प्रतिमा आणतात, ज्या प्रतिमांसारख्या दिसतात: चंद्र, पाऊस, वाट. क्रियापदात किंवा एखाद्या शब्दयोगी अव्ययात लपलेली प्रतिमा वाक्याच्या वळणात मिसळून जाते आणि सुटते. तीच कविता ओळी सुट्या करून, क्रियापदे एका स्तंभात व नामे दुसऱ्या स्तंभात मांडून पाहिली, तर वेगळ्या गोष्टी वर येतात. वाङ्मयेतिहासातली वर्गवारी हाही एक गटच. ग्रामीण, दलित, स्त्रीवादी, महानगरी अशा पाट्यांखाली पुस्तके मांडली, की पाटीशी जुळणारे पुस्तक चटकन सापडते. आणि पाटीखालच्या पुस्तकांतले परस्परभेद मात्र गटाने बाजूला सारले जातात. पुस्तकांची वर्गवारी आणि डोळ्यापुढच्या चिन्हांचे गट या एक गोष्टी नाहीत, हे मान्य. ही केवळ उपमा आहे. पण प्रश्न विचारायला शिकवण्याइतकी ती उपयोगी आहे: ही मांडणी मला काय दाखवते आहे, आणि काय दाखवायचे टाळते आहे?

तेव्हा मागणी तीन गोष्टींची आहे, आणि तिन्ही आवाक्यातल्या आहेत. मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात पाठचिकित्सा हे केवळ व्याख्यानाचे प्रकरण न राहता प्रत्यक्ष कामाचे असावे: प्रत्येक विद्यार्थ्याने एका पुस्तकाच्या दोन आवृत्त्यांतली दहा पाने आखीव तक्त्यावर ताडून पाहावीत. पुनर्मुद्रण करणाऱ्या प्रकाशकाने लेखनपद्धती बदलली असेल, तर कोणत्या नियमाने बदलली आणि संदिग्ध जागी काय केले, याची अर्ध्या पानाची नोंद पुस्तकात द्यावी. आणि मुद्रितशोधनाकडे पुस्तक छापायला जाण्याआधीचा शेवटचा घाईचा टप्पा म्हणून न पाहता, वेगळ्या प्रशिक्षणाचे, वेगळ्या मोबदल्याचे कौशल्य म्हणून पाहावे.

साहित्यप्रेमी माणसाला हे थोडे जड जाईल, कारण त्यात वाचनाचा आनंद काही काळ बाजूला ठेवावा लागतो. वाक्याची लय लागली की डोळा वाहत जातो, आणि वाहत जाणे हेच तर वाचकाला हवे असते. पण ज्या वाक्यात आपण वाहून जातो, ते वाक्य लेखकाने लिहिले तसेच आपल्यापर्यंत यावे, यासाठी आपल्या आधी कोणीतरी त्या प्रवाहाबाहेर उभे राहून अक्षर अक्षर पाहिलेले असले पाहिजे. हे काम करणाऱ्याला त्या पानातून आनंद मिळेलच असे नाही. पुढच्या वाचकाच्या आनंदाची हमी मात्र त्याच्याच हाती असते.